गर्दीचे फोटो गुडघ्याच्या उंचीवरून काढावेत का?

तळकोन (धागाकर्ता)

मोकळ्या मैदानातल्या मैफली, मिरवणुका, मोर्चे, धावण्याच्या शर्यती यांचे बहुतेक फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतात आणि तिथेच ते फसतात. कारण भूमितीचं आहे. कॅमेरा ज्या उंचीवर असतो, क्षितिजाची रेघ त्याच उंचीवरून जाते. सपाट जागेत कॅमेरा दीड मीटरवर धरला, की दोन मीटरवरचं डोकं असो वा शंभर मीटरवरचं, सगळी जवळपास एकाच रेघेला लागतात. फ्रेमच्या मधोमध डोक्यांचा आडवा पट्टा, वर आकाश, खाली पाठी आणि पिशव्या. नजर कुठेच ठरत नाही.

आता कॅमेरा ५० सेंमीवर आणा. त्या रेघेवर गुडघे येतात आणि डोकी जवळ-लांब असतील तशी खाली-वर होतात. १६५ सेंमी उंचीचा माणूस दोन मीटरवर असेल तर त्याचं डोकं कॅमेऱ्याच्या पातळीपासून सुमारे ३० अंश वर दिसतं, चार मीटरवर १६ अंश, दहा मीटरवर साडेसहा. चित्राला खोली येते ती या उतरणीमुळे. वर गेलेले हात, झेंडे, खांद्यावर बसलेली मुलं आकाशावर स्वच्छ उठून दिसतात. मागचे तंबू, जाळ्या, उभ्या गाड्या पायांआड जातात.

करायचं कसं? फुल-फ्रेमवर (३६×२४ मिमीचा सेन्सर) २४ मिमी भिंग. आडव्या फ्रेममध्ये कॅमेरा पातळीत असेल तर भिंगाच्या वर दिसणारी उंची माणसापर्यंतच्या अंतराच्या बरोबर निम्मी असते. म्हणजे ५० सेंमीवरून १६५ सेंमीच्या माणसाचं डोकं कापलं जाऊ नये असं वाटत असेल तर माणूस किमान २.३ मीटरवर हवा. कॅमेरा उभा धरला की हे अंतर दीड मीटरवर येतं, म्हणून दाटीत उभीच फ्रेम. छिद्र एफ/८, फोकस हाताने २.४ मीटरवर ठेवला की १.२ मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट मिळतं. ऑटोफोकसच्या नादी लागू नका, तो पुढे आलेल्या हाताला धरतो. शटर चालणाऱ्यांना १/२५० सेकंद, उड्या आणि हलत्या हातांना १/१०००. भर उन्हात एफ/८ आणि १/१००० ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २५० च्या आसपास पुरतो.

माझं मत स्पष्ट आहे: गर्दी हाच विषय असेल तर पहिला फोटो खालून घ्यावा, बाकीचे नंतर.

मचाण

भूमिती मान्य, निष्कर्ष अमान्य. तुमचेच आकडे घ्या. पहिल्या रांगेचं डोकं ३० अंशांवर आणि दहा मीटरवरचं साडेसहावर, म्हणजे दहा मीटरवरचा माणूस पहिल्या रांगेच्या मांड्या-कमरेमागे गडप झाला. पुढच्यांच्या पायांमधून काही बूट दिसतील तेवढेच. चित्रात उरतात पहिल्या दोन रांगांतली सहा-सात माणसं. त्याला गर्दीचा फोटो म्हणायचं कशाच्या जोरावर?

आणि हा कोन दोन्हीकडून फसवतो. चाळीस माणसं दोन ओळींत दाटून उभी केली तरी खालून फ्रेम भरते, मागे मैदान ओस असलं तरी कळत नाही. उलट हजारो लोक असतानाही त्यातली सात दिसतात. माणसं किती जमली हे कळायचं तर दोन माणसांमधली जमीन दिसली पाहिजे. १९६० च्या दशकात बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी गर्दी मोजायची रीत बसवली ती वरून बघून: जमिनीवरच्या चौकटी धरायच्या, काही चौकटींतली डोकी मोजायची. त्यातून निघालेले ठोकताळे आजही वापरतात. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. गुडघ्यावरच्या फोटोवर ही चौकट आखूच शकत नाही.

तीन मीटरचा मजबूत खांब, त्यावर कॅमेरा, ३५ मिमी भिंग, १५ अंश खाली झुकवून, दर दोन सेकंदांनी आपोआप शटर. हात वर केले की कॅमेरा साडेचार मीटरवर जातो. पहिला फोटो हा असावा.

तळकोन

@मचाण, तुमच्या खांबाचंही गणित करू. साडेचार मीटरवरून पाहिलं तर दहा मीटरवरचा १६५ सेंमीचा माणूस आपल्या मागची ५.८ मीटर जमीन झाकतो. तेवढ्या पट्ट्यात कुणी नसेल किंवा बारा रांगा असतील, वरच्या बाजूने फक्त टाळू दिसतात आणि मधली जागा दिसत नाही. माणसाने स्वतःच्या उंचीइतकीच जमीन झाकावी असं हवं असेल तर डोक्यांवर ४५ अंशांत खाली बघावं लागतं. २० मीटर लांबच्या माणसासाठी कॅमेरा २१-२२ मीटर उंच हवा. म्हणजे मोजणीसाठी गच्ची लागते. खांबावरच्या कॅमेऱ्याने मोजणी होत नाही आणि चेहरेही हातचे जातात.

मचाण

साडेचार मीटरवरून मोजणी होत नाही, हे बरोबर. खांबाबद्दलचा माझा दावा जास्त झाला. पण चेहरे जातात हे खरं नाही. न्यूयॉर्कचे वृत्तछायाचित्रकार विजी यांचा तिथल्याच कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरचा १९४० चा फोटो बघा. कॅमेरा उंचावर, हजारोंची गर्दी, आणि असंख्य चेहरे थेट भिंगाकडे बघतायत. वरून घेतलं की माणसांचे ठिपके होतात ही समजूत तिथेच मोडते. लोकांनी वर बघावं यासाठी फोटोग्राफर दिसला पाहिजे, एवढंच.

प्रकाशमापक

दोघांच्या वादात उजेड राहून गेला. खालचा कोन घेतला की निम्मी फ्रेम आकाश असते. सरासरी मोजणारा कॅमेरा त्या आकाशाला मधला करडा मानतो आणि चेहरे काळे पडतात. हॅट किंवा स्वतःच्या सावलीत असलेला चेहरा आणि मागचं आकाश यांत तीन ते पाच स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) अंतर सहज असतं. दोन वाटा आहेत. एक, एक्स्पोजर +१ ते +१.७ स्टॉप वाढवा आणि आकाश थोडं जळू द्या. दुसरी, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) आकाश वाचवून घ्या आणि सावल्या नंतर दोन स्टॉप उचला. आयएसओ ४०० च्या आत असाल तर दुसरी वाट बरी.

धागाकर्त्याने फ्लॅशचा विषय टाळला आहे आणि नेमकं तिथेच त्याचं १/१००० कोसळतं. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश १/२०० किंवा १/२५० पर्यंतच पूर्ण फ्रेमवर पडतो. उन्हात मग आयएसओ १००, एफ/११, १/२५० यावर यावं लागतं. हायस्पीड सिंकने (फ्लॅश एका झोताऐवजी अनेक झटपट झोतांत सोडण्याच्या सोयीने) १/१००० गाठता येतं, पण फ्लॅशची ताकद इतकी घटते की दोन-तीन मीटरपलीकडे उपयोग नाही. शिवाय फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवला तर उजेड हनुवटीखालून येतो, नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि हसणारा माणूसही भेसूर दिसतो. तो वायरलेस करून दुसऱ्या हातात डोक्याच्या वर धरा.

आणि पांढरं, ढगाळ, सपाट आकाश असेल तर खालचा कोन सोडून द्या. मागे नुसता कागद ताणल्यासारखं दिसतं. त्या दिवशी मचाण जिंकतं.

कुंपणाकडेला

गर्दीत खाली बसणं ही आधी सुरक्षेची बाब आहे आणि मूळ लेखात तिचा उल्लेखच नाही, हे मला खटकलं. चौरस मीटरमागे चार-पाच माणसं झाली की आपली हालचाल आपल्या हातात राहत नाही. गर्दीतल्या दुर्घटनांचा अभ्यास केलेल्या जॉन फ्रुइन यांनी लिहून ठेवलं आहे की सातच्या आसपास गर्दी द्रवासारखी वाहू लागते, लाटा येतात. अशा ठिकाणी बसलेला माणूस मागच्यांना दिसत नाही. एक त्याच्यावर पडला की पुढचे पडतात.

कोपरं बाहेर काढून स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेता येत नसेल तर बसू नका. चालत्या लोंढ्यात तर कधीच नाही. जागा घ्यायची ती कुंपणाच्या किंवा खांबाच्या आडोशाने, पण खांब आपल्या पाठीशी नको, येणारा लोंढा आणि आपल्यामध्ये हवा. एकच गुडघा टेका, दुसरं पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलेलं ठेवा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, मनगटाला. शर्यतींत आणखी एक भेद आहे: पळणारे वळणाच्या आतल्या कडेला दाटतात, म्हणून बाहेरची बाजू बरी. सायकली घसरतात त्या बाहेर फेकल्या जातात, म्हणून तिथे बाहेरची बाजू वर्ज्य.

बसायची गरजही नाही. मोनोपॉड (एकपायी स्टँड) उलटा धरा, कॅमेरा खाली लोंबता, तोल सांभाळायला एक हात दांड्यावर. उभ्या उभ्या कॅमेरा ५० सेंमीवर जातो. चित्र उलटं येतं, ते नंतर फिरवता येतं. कॅमेरा दांड्याला जोडणाऱ्या चकतीचा स्क्रू दर काही मिनिटांनी हाताने चाचपा. लोंबत्या वजनाने आणि चालण्याच्या धक्क्याने तो सैल होतो आणि कॅमेरा कुणाच्या तरी पायावर पडतो.

तळकोन

@कुंपणाकडेला, ही चूक माझी. दाट गर्दीत बसू नये हे मूळ लेखात वरच यायला हवं होतं. उलट्या मोनोपॉडबद्दल एक भर: कॅमेऱ्याचा पडदा बघायचा तर तो दोन्ही दिशांनी वळणारा हवा. नुसता वर-खाली होणारा पडदा आडव्या फ्रेमला चालतो, मी सुचवलेल्या उभ्या फ्रेमला तो बाजूला उघडतो आणि निरुपयोगी ठरतो. मग फोनवरच्या ॲपमधून बघणं आलं. गर्दीत वायफाय अडखळतं, तेव्हा फोकस आधीच लावून ठेवायचा.

उंबरठा

माझा आक्षेप वेगळा आहे. उभ्या माणसाने डोळ्याला कॅमेरा लावला तर समोरच्याला कळतं, तो मान फिरवू शकतो, नको म्हणू शकतो. गुडघ्याजवळ लोंबणारा कॅमेरा कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यात वाइड भिंग, वर तोंड, दीड मीटर अंतर. यातून कपड्यांच्या आतलं, पोटाच्या कडा, नाकपुड्या असं येतं जे त्या माणसाने दाखवायला ठेवलेलं नाही. ५० सेंमीवरून अडीच मीटरच्या आत कॅमेरा वर झुकवायचाच नाही, हा नियम हवा. निवडताना प्रत्येक फ्रेम १०० टक्के मोठी करून कडा तपासा, काही आलं असेल तर फाइल पुसा. कापून वापरण्याचा मोह नको, मूळ फाइल उरतेच.

कॅमेरा वर झुकवला की चित्रही बिघडतं. उभ्या रेघा वर जाऊन मिटतात, माणसं पाठीमागे कलंडताना दिसतात. सोव्हिएत छायाचित्रकार अलेक्झांडर रोदचेन्को यांनी १९२८ मध्ये बेंबीच्या उंचीवरचे फोटो सोडून बाकी सगळ्या कोनांतून काढा असा आग्रह धरला होता, आणि खालून काढण्याचे समर्थक त्यांचा दाखला नेहमी देतात. पण त्यांचाच १९३० चा बिगुल वाजवणाऱ्या मुलाचा फोटो बघा. हनुवटी आणि गाल एवढंच चित्र व्यापतं. तो मुलगा कोण हे त्यातून ओळखता येत नाही.

तळकोन

झुकवायचं नाही यावर आपलं एकमत आहे. मी कॅमेरा पातळीत ठेवूनच गणित दिलं होतं. इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू ठेवायची, खालची अर्धी फ्रेम जमीन येईल ती येऊ द्यायची आणि नंतर खालून एक तृतीयांश कापायची. २४ मेगापिक्सेलमधले १६ उरतात, छपाईलाही पुरतात.

नकळत काढण्याबद्दल मात्र एवढंच म्हणेन की उंची हा त्याचा उपाय नाही. डोळ्यांच्या उंचीवरून २०० मिमीने लांबून काढलेला फोटोही नकळतच असतो. आणि 'खालून' हे उभ्या प्रौढाचं माप आहे. चार वर्षांच्या मुलाची, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची नजर साधारण ९० ते १२० सेंमीवर असते. त्यांच्यासाठी ती समोरची उंची आहे आणि गर्दी त्यांना रोज अशीच दिसते.

उंबरठा

मग ९० ते १२० वरच थांबा ना. एक मीटरवर कॅमेरा कमरेशी येतो, पडदा दिसतो, माणसांनाही तुम्ही दिसता. डोकी खाली-वर होणं थोडं कमी होईल, पण नाहीसं होत नाही: दोन मीटरवरचं डोकं १८ अंशांवर, दहा मीटरवरचं पावणेचारवर. अर्धा मीटर आणखी खाली जाऊन जे मिळतं त्याची किंमत समोरचा माणूस मोजतो.

प्रकाशमापक

फोन वापरणाऱ्यांसाठी: फोन उलटा धरला की भिंग जमिनीच्या बाजूला येतं, वाकायची गरज कमी होते. सर्वांत रुंद भिंग टाळा, ते साधारण १३ मिमीच्या तोडीचं असतं आणि कडेची डोकी अंड्यासारखी ताणतं. मुख्य भिंग २४ ते २६ मिमीच्या तोडीचं, वरचं कोन आणि अंतरांचं गणित साधारण त्यालाच लागू. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, नाहीतर आकाश दिसताच चेहरे पुन्हा काळे होतात.

मचाण

@तळकोन, शर्यत, नाच, मैफल इथे खालचा कोन मला आता मान्य आहे, उंबरठा म्हणतात त्या एक मीटरवरून. तिथे किती लोक आले हा प्रश्न कुणी विचारत नाही. मोर्चा आणि सभा यांना मात्र नाही. तिथे फोटो पुरावा म्हणून फिरतो, मथळा वाटेत गळून जातो. त्यामुळे खालचा फोटो द्यायचाच असेल तर त्याच पाच मिनिटांतला, त्याच जागेचा, उंचावरून घेतलेला दुसरा फोटो त्याला चिकटवून एकाच फाइलमध्ये द्यावा, म्हणजे कुणाला एक सोडून दुसरा उचलता येणार नाही.