ड्वोराक की कोलमॅक?
कीबोर्डवरची नेहमीची क्वर्टी मांडणी सोडून या दोनपैकी कोणती शिकावी, असं तुम्ही विचारलंत; दोन्हींत इंग्रजी अक्षरांच्या कळांचा क्रम वेगळा असतो. ड्वोराक शिकताना टायपिंगचा जुना वेग जाईल, ही तुमची भीती खरी आहे. सुरुवातीला बोटं अडखळतातच. पण १९३६ साली पेटंट मिळालेल्या या मांडणीत इंग्रजीचे पाचही स्वर डाव्या हाताखाली, मधल्याच ओळीत आहेत. त्यामुळे दोन्ही हात आलटूनपालटून चालतात, बोटांची धावपळ खूप कमी होते. मला ते सुख फार मोलाचं वाटतं. कॉपी-पेस्टच्या कळा मात्र विखुरतात. त्याचा त्रास होणार असेल तर २००६ ची कोलमॅक घ्या: तिच्यात क्वर्टीच्या १७ कळाच बदलतात, झेड, एक्स, सी, व्ही जागेवर राहतात. आणि कृपया, कळांवर स्टिकर लावू नका! नजर खाली गेली की बोटं शिकत नाहीत. मांडणीचं चित्र स्क्रीनशेजारी ठेवा आणि रोज थोडा वेळ, सावकाश पण अचूक टाइप करा.