गंजलेली चॅसी: वरून ठिगळ नको

गाडीच्या चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला (फ्रेमला), गंजून भोक पडलं तर काही जण सुचवतात की भोकावर पत्रा ठेवून वेल्ड मारलं की झालं. असं ठिगळ लावून मी पस्तावलोय. दोन वर्षांनी उघडलं तर वरून रंग चकचकीत आणि आतल्या पोकळीत मूठभर गंजाचा भुगा!

आधी हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द. आवाज बदलतो तिथून बोटभर पुढे जाऊन कापा. कड लख्ख दिसली पाहिजे, नाहीतर वेल्ड धरत नाही, नुसती नवी भोकं पडत जातात.

कापण्याआधी दोन्हीकडे भक्कम आधार द्या आणि मापं लिहून ठेवा, कर्णाचीसुद्धा (कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत). फ्रेम एकदा वाकली की गाडी एका बाजूला ओढते, मग चाकांची कितीही अलाइनमेंट करा. कापलेल्या जागी बसवायचा तुकडा मूळ जाडीचाच घ्या. फार जाड घातला तर शेजारी तडा जाऊ शकतो. सांधा सरळ आडवा नको, तिरका घ्या, आणि आधी टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून मग मधली जागा आलटूनपालटून भरा.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडणं, इंधनाची टाकी नि ब्रेकच्या नळ्या बाजूला करणं वेगळं सांगायला नकोच.

आणि हो, शेवटी आतून गंजरोधक मेण फवारा. वेल्डच्या धगीने आतला रंग जळलेला असतो, गंज तिथूनच परत धरतो.