सगळेच 'खूप काळजी वाटते' म्हणतात, आता विचारू तरी काय?

ओढ्याकाठची:
नमस्कार मंडळी. पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पाचा विषय आहे, कॉलेजच्या मुलांना पर्यावरणातले धोके कितपत जाणवतात. चाचणीपुरता गूगल फॉर्म भरून घेतला. हवामानबदलाची काळजी वाटते? सगळे 'खूप'. सर्वांत मोठा धोका? हिमनग, दिल्लीची हवा, ओझोन. (ओझोन काही पाठ सोडत नाही.)

यातली बरीच मुलं आंबिल ओढा नाहीतर सिंहगड रोडच्या बाजूला भाड्याने राहतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा ती शाळेत होती, तीही बीड-लातूरकडे. ते ठाऊक नसेल, मान्य. पण जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते? एकीनेच लिहिलं, कारण तिची स्कूटी बुडाली होती.

गाईड म्हणतात, नमुना वाढव. मला दोष प्रश्नांतच दिसतोय.

नदीपात्रातला नाना:
ताई, मत विचारूच नका. 'खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला' असा मेसेज आला तर गाडी कुठे लावता, ते विचारा. पार्किंगमधून गाडी काढणारा पोरगा जागरूक, फॉर्मवर काही का टिक करेना. आम्ही १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या पुराच्या गोष्टी ऐकत वाढलो. बाहेरगावच्या पोरांना कोण सांगणार? घरमालक तर मुळीच नाही!

आकडेमोड्या:
पूररेषा घ्याच. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. पोरं हिशेब करतात, 'तोवर आपण पास होऊन जाऊ.' प्रत्यक्षात निळ्या रेषेपर्यंत पाणी चढायची शक्यता दरवर्षी ४ टक्के. तीन वर्षांच्या डिग्रीत एकदा तरी चढण्याची ११-१२ टक्के. निम्म्यांना '२५ वर्षांतून एकदा' असं सांगा, निम्म्यांना '३ वर्षांत ११-१२ टक्के', आणि दोघांना विचारा, इथे खोली घ्याल का? उत्तरांतला फरक हाच तुमचा प्रबंध.

मास्तरीण:
पदवीला पर्यावरण सक्तीचं झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. वर्गात त्याचं काय होतं? आदल्या रात्री उतरवलेली फाईल. मी यंदा फाईलऐवजी खोलीपासून जवळचा नाला किती पावलांवर, ते मोजून आणायला सांगितलं. काहींना तो सापडलाच नाही, कारण वर स्लॅब टाकून रस्ता केलाय.

ओढ्याकाठची:
निम्म्या-निम्म्याचं नक्की करते. नाना, गाडी नसलेल्यांना काय विचारू?

नदीपात्रातला नाना:
खोली तळमजल्यावर आहे का, आणि भाडं शेजारच्या इमारतीपेक्षा कमी का, ते.