छावणीजवळच्या बायका सुरक्षित, हे कोणाला विचारून ठरवलंत?

मुरारची सून:
काल ‘लष्करवाला’ यांनी लिहिलं की छावणीच्या आसपासच्या बायका देशात सगळ्यांत सुरक्षित, शंका असेल त्यानं वर्षभर ग्वाल्हेरच्या मुरार छावणीत राहून बघावं. मी बावीस वर्षं राहतेय, सुभेदाराच्या घरात. रात्री दहाला सदर बाजारातून एकटी येते, कोणी वाकडं बघत नाही. तेवढं खरं. पण मणिपुरात इंफाळच्या कांगला किल्ल्यातही आसाम रायफल्स या निमलष्करी दलाचा तळच होता. त्यांनी घरातून उचलून नेलेल्या मनोरमाचं प्रेत सापडल्यावर निषेध म्हणून १५ जुलै २००४ला त्याच दारापुढे बारा बायका कपडे उतरवून उभ्या राहिल्या. आपल्या आयांच्या वयाच्या. जपानच्या ओकिनावात १९९५ साली तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांची मुलगी उचलून नेली. दोन्हीकडे छावणी होतीच.

लष्करवाला:
वहिनी, विषय मुरारचा, तुम्ही जपानला पोचलात. माझा सख्खा भाऊ कारगिलला होता, मला हे ऐकवत नाही. पोरींना वर्दी मिळाली ते का दिसत नाही? १७ फेब्रुवारी २०२०ला सुप्रीम कोर्टानं बायकांचा कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याचा हक्क मान्य केला. एनसीसीच्या महिला अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण तर आपल्या ग्वाल्हेरलाच होतं. माझी भाची तिथून बाहेर पडली तेव्हा आमची आजी रडली.

दालबाजार:
वर्दीचं सोडा, अग्निवीरांचं बोला. जून २०२२ला बिर्लानगर स्टेशनात तोडफोड झाली ती का? चार वर्षांची भरती, तोवर लग्न करायचं नाही, मग फार तर चारांत एक कायम, बाकीचे घरी, पेन्शन नाही. भिंड-मुरैनाकडे फौजी जावई म्हटलं की बाप लगेच हो म्हणायचा. आमच्या मुनीमजींनी ठरलेली सोयरीक मोडली. मुलगी दोन वर्षं घरी बसलीय.

बाड्यावरची काकू:
बापाला पेन्शन दिसली, मुलगी कोणाला दिसली? यांच्या बदल्यांपायी मी चार गावांतल्या चार शाळांतल्या नोकऱ्या सोडल्या. माझ्या पेन्शनचं कोणी विचारलं नाही.

दालबाजार:
काकू, तुमच्या घरी निदान एक पेन्शन येते. इथे तीही गेली, ते बोला ना.

मुरारची सून:
पेन्शनचं निघालंच आहे तर ऐका. माझी मावसनणंद चोविसाव्या वर्षी विधवा झाली. नवऱ्याला मरणोत्तर शौर्यपदक. त्या पदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, दिराशी केलं तरच चालू. वर्षश्राद्ध झालं आणि घरात दिराचं नाव निघालं. तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान, तिला अहो-जाहो करणारा. तिला कोणी विचारलं नाही.

लष्करवाला:
घरच्यांचा लोभ तो. फौजेच्या माथी का मारता?

मुरारची सून:
दिराची अट घरच्यांनी लिहिली होती का? सरकारी नियम होता.

लष्करवाला:
होता. २०१७च्या नोव्हेंबरात काढला, हे सांगायचं टाळलंत.

मुरारची सून:
दिराशी तिचं लग्न २००९ला लागलं.

लष्करवाला:
...ठीक. तो नियम वाईट होता, एवढं मानतो. मणिपूरचं मानत नाही.

बाड्यावरची काकू:
नका मानू. पण ती पोर आता कशी आहे, ते तरी विचारा.

मुरारची सून:
दोन मुलं आहेत, काकू. पदक अजून तिच्याच कपाटात आहे. नवरा त्या खोलीत झोपत नाही.