मदत हवी आहे: नव्या सर्व्हरला जुना टेप ड्राइव्ह दिसतच नाही

नमस्कार मंडळी,

एका साखर कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. विभागात माणसं दोन, त्यातला एक रजेवर. गाळप सुरू व्हायला तीन आठवडे आहेत आणि टेपवरचा बॅकअप बंद पडलाय.

झालंय असं. वजनकाटा, ऊसबिलं, पगार हे सगळं ज्या टॉवर सर्व्हरवर होतं तो थकला, म्हणून रॅकमध्ये बसणारा २यू (दोन खणांच्या उंचीचा) सर्व्हर घेतला. बाहेरचा एलटीओ-६ (सहाव्या पिढीचा बॅकअप टेपचा) ड्राइव्ह मात्र जुनाच ठेवला, कारण मागच्या सगळ्या हंगामांच्या टेप त्याच पिढीच्या आहेत. ड्राइव्हच्या पाठीमागे एसएफएफ-८०८८ सॉकेट, तो जिथे जोडायचा त्या सर्व्हरमधल्या नव्या कार्डाला एसएफएफ-८६४४. दोन टोकांना दोन वेगळे प्लग असलेली केबल मागवली, ती बसलीही.

ड्राइव्हचा दिवा हिरवा, टेप आत घेतो, बाहेर देतो. पण लिनक्सवर एलएसएससीएसआय (जोडलेल्या डिस्क, टेप दाखवणारी कमांड) चालवलं की यादीत फक्त हार्ड डिस्क. केबल काढून लावली, तीनदा रीस्टार्ट केलं. विक्रेता म्हणतो ड्राइव्ह म्हातारा झाला, नवा एलटीओ-८ घ्या. घ्यावा का?

खटपट्या: कार्ड १२ गिगाबिटचं असेल आणि ड्राइव्ह ६ चा. तिथेच घोळ असणार.

रात्रपाळी: नाही हो, सॅसमध्ये (कार्ड आणि ड्राइव्ह ज्या पद्धतीने जोडलेत त्यात) दोन्ही बाजू आपसात ठरवून कमी वेगावर येतात. वेगापायी ड्राइव्ह असा गायब होत नाही. धागाकर्ते, कार्ड रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र बांधून सांभाळणारं) आहे की साधं एचबीए (जे जोडलंय ते जसंच्या तसं सिस्टिमला देणारं)? बहुतेक रेड कार्डं डिस्क सांभाळायला केलेली असतात, टेप ड्राइव्ह ती पुढे सिस्टिमला देतच नाहीत. आणि एलटीओ-८ची घाई करू नका. एलटीओ-७पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचायचे, पण ८ला फक्त ७ आणि ८ चालतात. तुमच्या जुन्या टेप कपाटातच राहतील.

धागाकर्ता: बाप रे, विक्रेत्याने हे सांगितलंच नाही. आत्ताच झाकण उघडून पाहिलं. कार्डावरून एक बारीक वायर निघून काड्यापेटीएवढ्या काळ्या डबीत गेलीय.

रात्रपाळी: ती कॅशची, म्हणजे कार्डावरच्या तात्पुरत्या मेमरीची बॅटरी. म्हणजे रेड कार्डच. जुन्या टॉवरमधलं कार्ड अजून आहे का? त्याच्यावर ड्राइव्ह चालत होता ना, मग तेच काढा. नवी केबलही लागायची नाही.

धागाकर्ता: आहे! भंगारात द्यायच्या ढिगात होतं. पण त्याची पत्र्याची पट्टी पूर्ण उंचीची, आणि नव्या सर्व्हरचे स्लॉट बुटके. पट्टी काढून कार्ड तसंच खोचलं. चालू केल्यावर एलएसएससीएसआयमध्ये पहिल्याच ओळीत टेप! मागच्या हंगामाची टेप घालून दोन फाइली परत आणल्या, नीट उघडल्या.

रात्रपाळी: झकास. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये टेप ड्राइव्हचं नाव एसटी० लिहिलंय की एनएसटी०? एसटी० असेल तर काम संपलं की टेप आपोआप मागे गुंडाळली जाते. एकाच टेपवर लागोपाठ दोन बॅकअप घेतलेत तर दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसतो, पहिला पुसला जातो.

धागाकर्ता: एसटी०च आहे, पण आम्ही रोज वेगळी टेप लावतो म्हणून आजवर निभावलं. आजच बदलतो. आता एकच अडचण. ड्राइव्हची केबल जाड आहे, पट्टीशिवाय कार्डाला स्क्रू नाही, त्यामुळे केबलच्या वजनाने कार्ड स्लॉटमधून तिरकं होतंय. बुटकी पट्टी सुटी कुठे मिळते का?

खटपट्या: साखर कारखान्यात आहात ना? वर्कशॉपमधल्या फिटरला जुनी पट्टी दाखवा, कापून वाकवून देईल. कापल्यावर कडेला राहणारी बुरी (खरखरीत धार) मात्र घासून घ्यायला सांगा, लोखंडाचा कीस सर्व्हरमध्ये नको.

धागाकर्ता: फिटरमामा बॉयलरवर आहेत. उद्या सकाळी गाठतो.