फायाचा स्पेन खरा की रंगमंचापुरता?

बंदिशवेडा : स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फायाचा 'तीन टोकांची टोपी' हा बॅले काल पुन्हा ऐकला. झकास आहे, पण लोकसंगीत म्हणून मला तो शोकेसमधला वाटतो. १९१९ साली लंडनमध्ये द्यागिलेव्हच्या रशियन बॅले कंपनीने केला, नेपथ्य पिकासोचं, नृत्यं मासीनची. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या गल्लीत मध्यरात्री एका गिटारवर जे रंगतं, ते समोर कागद ठेवून वाजवणाऱ्या ताफ्याला कुठून जमणार?

तारसप्तक : कागद समोर ठेवला म्हणून चाल मरत नाही हो. या बॅलेतल्या गिरणीवाल्याचा फारुका (फ्लामेंको, म्हणजे अंदालुसियातल्या गाण्या-नाचातला एक नाच) ऐका. गिटारच्या तारांवर बोटं फटकारावीत तसे तिथे व्हायोलिनवाले गज मारतात. फायाने लोकगीतांच्या चाली घेतल्याच, पण मोठी गोष्ट ही की वाजवायची ढबही घेतली. शेजाऱ्यांच्या नाचात सेगिदिया आहे, शेवटी होता (दोन्ही नाचाचे प्रकार; 'होता' हा भूतकाळ नव्हे).

वाटसरू : मला तर मधेमधे भैरवीच ऐकू येते. शेवटी जिप्सी आपल्याकडूनच गेलेले ना!

तारसप्तक : कोमल रिषभावरून षड्जावर उतरणं कानाला ओळखीचं वाटतं, कबूल. रोमा (म्हणजे जिप्सी) लोक मूळचे उत्तर भारतातले हेही खरं. पण तेवढ्यावर फ्लामेंकोचा सातबारा आपल्या नावावर करू नका.

बंदिशवेडा : ढब घेतली म्हणता, पण ती दिली कोणी? फेलिक्स फर्नांदेझ नावाच्या फ्लामेंको नर्तकाने मासीनला हे नाच शिकवले. रंगमंचावर गिरणीवाला झाला तो मासीन. फेलिक्स लंडनमध्येच भ्रमिष्ट झाला आणि १९४१ साली इंग्लंडातल्या मनोरुग्णालयातच वारला. ज्याची कला, त्याच्या हाती काय आलं?

तारसप्तक : यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण हा हिशेब कंपनीकडे मागा, स्वरांकडे नको. त्याच फायाने १९१५ मध्ये माद्रिदला 'एल आमोर ब्रुखो' हे नाच-गाण्याचं नाट्य केलं ते पास्तोरा इंपेरियोसाठी. ती स्वतः जिप्सी घराण्यातली, गायली तीच, नाचली तीच, साथीला छोटासा वाद्यमेळ. मोठा ऑर्केस्ट्रा नंतर आला.

बंदिशवेडा : ती १९१५ची मूळ आवृत्ती ऐकलेली नाही, आज शोधतो. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या आवृत्तीत गायिका ऑपेराच्या गळ्याची असली की मला अजूनही खटकतं.

तारसप्तक : ते मलाही खटकतं.