मदत हवी आहे: पक्ष्यांच्या फोटोतलं आभाळ बदलायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

रानवाट:
घारी, बगळे आणि शेंड्यावर बसलेले धनेश असे बरेच फोटो आहेत, सगळ्यांत मागचं आभाळ पांढरंफटक. फुल फ्रेम कॅमेरा, ६०० मिमी लेन्स, आयएसओ १६००, रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल्स. ल्युमिनार निओ एका क्लिकमध्ये आभाळ बदलतं, पण पिसांभोवती पांढरी कड राहते आणि पंखांची टोकं विरघळल्यासारखी दिसतात. लाइटरूम आहेच, त्यात भागेल का? फुकटातलं काही चालेल?

दुर्बीण:
लाइटरूममध्ये भागणार नाही. आभाळ निवडून त्याचा रंग-उजेड बदलता येतो, दुसरं आभाळ बसवता येत नाही.

एका क्लिकची साधनं निसर्गदृश्यांवर छान चालतात. पक्ष्याच्या पिसांशी गाठ पडली की त्यांचा मास्क (नवं आभाळ कुठे दिसावं आणि कुठे नाही हे ठरवणारा काळा-पांढरा थर) गडबडतो. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना एवढंच बघा: मास्क हाताने दुरुस्त करता येतो का? फोटोशॉपचं स्काय रिप्लेसमेंट (२०२० पासून आहे) नव्या लेयर्सवर काढून घेतलं तर मास्क उघडा मिळतो. अ‍ॅफिनिटी आणि जिंप यांत सगळं हातानेच करायचं, पण निकाल कमी प्रतीचा नसतो. जिंप फुकट आहे, २.१० पासून १६ बिटवरही काम करतं.

रीत अशी. रॉमध्येच जांभळी-हिरवी कड काढा आणि शार्पनिंग शून्यावर ठेवा. शार्पनिंगने पांढरी कड आणखी ठळक होते. १६ बिट टिफ काढा. निळ्या चॅनेलची प्रत घेऊन लेव्हल्सने (उजेड-अंधाराच्या सीमा सरकवणारं साधन) आभाळ शुभ्र आणि पक्षी काळा करा, हा झाला नव्या आभाळाच्या लेयरचा मास्क. पोटावर राहिलेले करडे डाग काळ्या ब्रशने भरा, पण पिसांच्या कडेला हात लावू नका. तिथला करडेपणाच पिसं खरी दाखवतो.

घारीसारख्या गडद पक्ष्याला त्याहून सोपं: मूळ आभाळ लेव्हल्सने पूर्ण पांढरं करा, नवं आभाळ वर मल्टिप्लाय मोडमध्ये (पांढऱ्यावर वरचा थर जसाच्या तसा दिसतो, काळं काळंच राहतं) ठेवा आणि फक्त अंगावरून ते मास्कने पुसा. कड आपोआप मिसळते.

रानवाट:
बगळ्यालाही मल्टिप्लाय चालेल?

दुर्बीण:
नाही. पांढऱ्यावर मल्टिप्लाय केलं की बगळा आभाळाच्याच रंगाचा होतो. पांढऱ्या आभाळावरच्या पांढऱ्या पक्ष्याची कड मुळात फाइलमध्येच नसेल, तर कुठलंच सॉफ्टवेअर ती आणून देणार नाही. पेन टूलने बाह्यरेषा काढता येते, पण पक्षी कात्रीने कापल्यासारखा दिसतो. ते फोटो सोडून द्या.

टेलीवाला:
मास्क जमला तरी फोटो खोटा दिसतो तो ढगांमुळे. ६०० मिमीच्या चौकटीत आडवे जेमतेम साडेतीन अंश मावतात. २४ मिमीवर काढलेल्या आभाळातला तेवढा तुकडा म्हणजे रुंदीचा पंचविसावा भाग, ६००० पिक्सेलपैकी २४०. अख्खं आभाळ चेपून बसवलं तर घार ढगांएवढी दिसते. तेव्हा ढग त्याच लेन्सने, निदान २०० मिमीने तरी टिपा. पक्षी जवळ असेल तर ढगांवर गॉशियन ब्लर द्या आणि ब्लरनंतर आयएसओ १६०० ला शोभेल इतका नॉइज (जास्त आयएसओला फोटोत दिसणारे दाणे) घाला. नॉइज नसेल तर निळ्या छटांमध्ये पट्टे उमटतात, आणि दाणेदार पक्षी गुळगुळीत आभाळावर चिकटवल्यासारखा वाटतो.

ढगाळ उजेडात पक्ष्यावर ठळक सावल्या नसतात, म्हणून सूर्यास्त लावण्याचा मोह टाळा. फिकट निळं किंवा मऊ ढगांचं आभाळच खपतं.

दुर्बीण:
धनेशाच्या फोटोत पानांमधली भोकं तपासा, स्वयंचलित मास्क तिथे हमखास जुनं आभाळ ठेवून देतो. २०० टक्के झूम करून फांदी न फांदी बघा.

आणि स्पर्धेला पाठवायचे असतील तर बदलूच नका. फियाप (आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघ) आणि पीएसए (अमेरिकेची छायाचित्रण संस्था) यांच्या निसर्ग विभागात चित्रातला कुठलाही घटक बदलणं नियमबाह्य आहे. इतरत्र टाकताना आभाळ बदलल्याचं फोटोखाली लिहा.

रानवाट:
धन्यवाद. घारींवर आधी जिंपमध्येच मल्टिप्लाय करून बघतो, फोटोशॉपचं नंतर ठरवेन.